दारातल्या चपला

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बांधकामावर नव्याने आलेल्या मजुरांच्या मुलांची शाळा भरते. सोसायटीतल्या बायका आळीपाळीने शिकवतात. मी चौथी पास. दारात खुर्ची टाकून खिचडीचे तांदूळ निवडते.

दाराबाहेर मुलांच्या चपलांची रांग असते. ओडिशाहून आलेली जमुना मात्र चपला काढून हातात घ्यायची आणि आत मांडीखाली ठेवून बसायची. शिकवणाऱ्या मंगलला ते खपेना. "समोर सरस्वतीचा फोटो आहे. चपला बाहेर!"

जमुना उठली, चपलांसकट बाहेर गेली आणि पायरीवर बसली. मग रोज तिथेच बसायला लागली. पायरीवरून फळा अर्धाच दिसतो.

"आजी, समजवा ना तिला," मंगल म्हणाली.

"काय समजवू? तुझी चप्पल गेली तर तू दुसरी घेशील. ती खिळ्यांतून अनवाणी चालेल."

सारखं गाव बदलणारं माणूस आपली वस्तू नजरेआड करत नाही. मी सासरी आले तेव्हा माहेरचा तांब्या उशाशी घेऊन झोपायचे. सासू हसायची. तांब्या कोण चोरणार होतं? पण त्या घरात माझ्या ओळखीचं तेवढंच होतं.

आज जमुनाने माझ्या खुर्चीखाली चपला सरकवल्या, "देखना" म्हणाली आणि आत जाऊन पहिल्या रांगेत बसली.

तांदूळ निवडून झाले होते. आधण उकळत होतं. स्वयंपाकघरातून दोनदा हाक आली. शाळा सुटेपर्यंत मी जागची हलले नाही.