गाडीत चालत फेडलेला नवस

आमच्या आईनं रेणापूरच्या देवीचा नवस गाडीत चालत चालत फेडला. देवीला चालत जाणारे पुष्कळ, गाडीत बसून जाणारेही पुष्कळ. पण गाडीत चालत गेलेली सबंध लातूर जिल्ह्यात आमची आई एकटीच, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्याकडे जातं.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. नांदेडच्या एका कंत्राटदाराकडून त्यांनी ती हौसेनं घेतली होती. अमेरिकन, आठ सिलिंडरची. दारं दोनच, पण बॉनेट एवढं लांब की गाडी गल्लीत वळली की आधी बॉनेट घरी यायचं आणि मग सावकाश अण्णा! सुरू केली की मांडणीवरची भांडी वाजायची. भूकंपाच्या पहाटे भांडी वाजू लागली तेव्हा आई झोपेतच ओरडली, "अहो, बंद करा की ती गाडी!" अण्णा तिच्या शेजारीच झोपलेले होते!

आम्ही अंगणात पळालो. भिंतींना भेगा पडल्या, माणसं मात्र वाचली. मग जमीनदोस्त झालेल्या गावांच्या बातम्या यायला लागल्या आणि आपण वाचलो हे मोठ्यानं म्हणायचीही लाज वाटू लागली. घरात झोपायची कुणाची छाती होईना. तीन महिने आई, अण्णा आणि आम्ही तिघं भावंडं त्या गाडीत झोपलो. (अण्णांचे पाय खिडकीबाहेर. शेजारी त्यांवर टॉवेल वाळत घालत.) तिथंच आईनं नवस बोलला, "आई, माझी लेकरं सुखरूप ठेव, ह्याच गाडीत बसून तुझ्या पाया पडायला येईन."

त्या 'ह्याच'नं घात केला. काही ना काही कारणानं जाणं राहून गेलं. मधल्या काळात लातुरात क्लासेसचं पीक आलं, ज्याच्या घरात जास्तीची खोली त्याच्याकडे चार पोरं राहायला आली, आणि मीही एका क्लासमध्ये रसायनशास्त्राचा 'सर' झालो. गाडीचा तळ तेवढ्यात गंजून चाळणी झाला. आईच्या जिवाला घोर लागला. जेवताना मध्येच घास थांबायचा.

"आई, दुसऱ्या गाडीनं जाऊ की," मी म्हणालो.

"अन् देवीला काय सांगू? गाडी बदललीय म्हणून? तिच्याशी असली चलाखी चालत न्हाई, बाळ्या!"

मी हमीदचाचांना बोलावलं. पत्राकामात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं आणि दाढी खाजवली. "सर, तळ पूरा सडलाय. सडक्या पत्र्यावर पुट्टी धरत न्हाई. कापून नवा पत्रा वेल्डिंग करावा लागतंय. आठ दिवस द्या."

आठ दिवस! आईनं जायला दसराच धरलेला, आणि तो पाच दिवसांवर आलेला. शिवाय माझ्या डोक्यात वारं शिरलं. अरे, गंजाचं समीकरण मी डोळे मिटून फळ्यावर लिहितो! गंज म्हणजे काय हे दीडशे पोरांना शिकवणाऱ्यानं गंजाला घाबरायचं?

"चाचा, घरीच करतो मी," मी म्हणालो.

चाचा नुसते म्हणाले, "सर हाव तुम्ही. तुमाला काय सांगावं!"

पहिल्या दिवशी मी गंज खरवडायला बसलो. खरवडता खरवडता गंज संपला, आणि त्याच्याबरोबर पत्राही संपला! मागच्या सीटसमोर परातीएवढं भोक पडलं. दुसऱ्या दिवशी भोक बुजवायची पुट्टी कालवली. तिच्यात घट्ट करायचं औषध बोटभर घालायचं असतं. मी पोरांना रोज सांगतो, प्रमाण महत्त्वाचं! आणि स्वतः अर्धी ट्यूब पिळली. ढवळता ढवळता पुट्टीचा दगड झाला आणि आईचं उलथनं त्यात कायमचं उभं राहिलं.

आता पुट्टी उरली थोडी आणि भोक मोठं. मग युक्ती सुचली. खालून पातळ पत्र्याची पट्टी तारेनं बांधली, वर क्लासमधल्या जुन्या पेपरांचा गठ्ठा ठासून भरला, त्यावर उरलेली पुट्टी सारवली आणि लाल रंग फासला. दिसायला तुळशी वृंदावनाच्या ओट्यासारखं गुळगुळीत! अण्णांनी काठीनं वाजवून बघितलं.

"पक्कं वाटायलंय बरं का!"

मी तर फुगून निम्मं अंगण व्यापलं.

दसऱ्याला निघालो. अण्णा गाडी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, मागं आई मांडीवर ओटीचं ताट घेऊन. वाट फार तर वीस किलोमीटरची. आई इतकी खूश की दिसेल त्या झाडाला हात जोडत होती. रेणापूर एका हाकेवर आलं आणि खड्डा लागला.

मागून "अगं बया!" आलं. वळून बघतो तर आई सीटवर, ताट मांडीवर, आणि आईचे पाय डांबरावर! अण्णांनी कचकन ब्रेक दाबला म्हणून बरं. पायाला खरचटलंसुद्धा नव्हतं, तरी मी दार उघडून खाली उडी मारली.

"आई, उतर! रिक्षा बघतो."

"उतरणार न्हाई! गाडीत बसून येईन म्हणलेय. बसलेय का न्हाई मी?"

"बसलीस, पण पाय..."

"पायाचं काही बोलले न्हवते मी!"

अण्णांनी इंजिन बंद केलं, स्टिअरिंग धरलं, मी मागून ढकलू लागलो. आई सीटच्या कडेला टेकून आतल्या आत पावलं टाकत होती. रस्त्यावरचे लोक थबकून बघायला लागले. एका बाईनं सुनेला सांगितलं, "लई कडक नवस दिसतोय गं!" आणि दोघींनी गाडीला नमस्कार केला.

एवढ्यात मागून एक सायकलवाला कागद गोळा करत आला. "मास्तर, तुमच्या गाडीतून पेपर गळायलेत. ह्यात आमच्या पुतणीचाबी हाय. तपासला न्हाई वाटतं अजून?"

मी वरचा पेपर उलटून बघितला. गठ्ठा जुना नव्हताच! दोन आठवडे मी ज्या पोरांना "तपासणं चालू आहे" सांगत होतो, त्यांचेच ते पेपर. त्या भल्या माणसानं गठ्ठा माझ्या काखेत खोचला, सायकल लावली आणि गाडीला खांदा दिला. बघता बघता आणखी चौघं आले. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. त्या माणसांचे उपकार मी अजून विसरलो नाही.

देवीपुढं आईनं ओटी भरली आणि ती घळाघळा रडली. "आई, लेकरं दिलीस, शब्द पाळून घेतलास." मलाही भरून आलं. भूकंपात आम्हाला पोटाशी धरणारं ते गंजकं धूड आज पोट फाटलं तरी आईला दारापर्यंत घेऊन आलं होतं. मी मनापासून हात जोडले.

बाहेर येताना आई म्हणाली, "आत्ताच दुसरा नवस बोलले."

"कशाचा?"

"ह्या पोरानं पुन्हा गाडीला हात लावला न्हाई, तर दर दसऱ्याला घरापासून चालत येईन म्हणून."

देवी तात्काळ पावली. आईनं एकही दसरा चुकवलेला नाही. चाचांनी बसवलेल्या भक्कम तळावर पाय रोवून अण्णा मागून गाडी घेऊन येतात. मी मात्र आईबरोबर वीस किलोमीटर चालतो, कारण गाडीत नुसता बसलो तरी मी काहीतरी दुरुस्त करीन, अशी घरात सगळ्यांना धास्ती आहे.