बिनहाडाच्या बरगडीवरील हरकत

प्रथम घटनाक्रम. नेमक्या तारखा माझ्या दप्तरात आहेत आणि मागणी झाल्यास त्या सादर करीन. येथे वाचकांच्या सोयीसाठी सणावारांवरून सांगतो.

गणपती उठल्यानंतरचा पहिला रविवार: आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासाबद्दल लेखी तक्रार. जबाबदार: प्रस्तुत लेखक.

त्याच्या पुढचा रविवार: सदर तक्रार तोंडी मागे. जबाबदार: प्रस्तुत लेखक.

दोन वर्षांनंतर, दसऱ्याच्या पुढचा सोमवार: तीच तक्रार जुन्या फायलीतून काढून बाईंच्या भाडेकराराच्या नूतनीकरणास ना-हरकत नाकारली. जबाबदार: आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव.

दिवाळीच्या अलीकडचा शनिवार: बाईंनी घर सोडले. जबाबदार: सचिव, अध्यक्ष, त्या सभेत नखे बघत बसलेले यच्चयावत सभासद आणि, पुन्हा एकदा, प्रस्तुत लेखक.

आता त्या बाईंविषयी. त्यांची ओळख सांगायची तर त्यांचा चिमटा आधी सांगावा लागेल. उजव्या हातात चिमटा, चिमट्यात वाफाळता तुकडा, त्याच्याखाली ठिबकणारा रस झेलायला डाव्या हाताची ओंजळ, आणि तोंडात एकच वाक्य: "आधी चाखा, मंग लिवा." हे वाक्य त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवले आणि मी ते दुर्दैवाने उलट्या क्रमाने पाळले होते.

बोईसरमध्ये राहणाऱ्याने वासाबद्दल तक्रार करावी हे मुळातच धाडसाचे. वारा औद्योगिक वसाहतीकडून आला तर एक वास, किनाऱ्याकडून आला तर वाळत्या बोंबलांचा दुसरा. तरीही त्या रविवारी आमच्या खिडकीतून जो वास आला तो या दोहोंत बसेना. गूळ जळतो आहे, लसूण परततो आहे आणि लग्नघरात कुणीतरी मसाल्याचा डबा सांडला आहे, असे काहीतरी. मला तो ओळखता आला नाही. जे ओळखता येत नाही त्याविरुद्ध तक्रार करण्याची माझी जुनी सवय आहे. वीज प्रकल्पाच्या आस्थापना विभागात तीस वर्षे काढल्यावर माणसाला अशा सवयी लागतात. मी बसलो आणि "असह्य, उग्र व अनाकलनीय गंध" या शब्दांनी सुरू होणारे दीड पानी पत्र सचिवांना लिहिले.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिची प्रत मिळालीच पाहिजे, हे माझे तत्त्व. म्हणून प्रत घेऊन मी स्वतः दुसऱ्या मजल्यावर गेलो. दार उघडले ते चिमट्याने.

"बाई, ही आपल्याविरुद्धच्या तक्रारीची प्रत. येथे पोच म्हणून सही करा."

"माज्याविरुद? कोन करतंय?"

"मी."

"आन् तुमीच आनून देता?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "असा मानूस नाय पाह्यला. वाचून तरी दाखवा."

मी वाचून दाखवले. 'असह्य' या शब्दाशी त्यांनी मला थांबवले.

"असह्य म्हंजे काय?"

"सहन न होणारा."

"मंग दारात उभे राहून नाकानं एवढा वढून कशाला घेता, वकीलकाका?"

मी वकील नाही, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितले आणि पुढे दोन वर्षे सांगत राहिलो. उपयोग झाला नाही. त्यांनी सही केली, कागद फ्रिजवर ठेवला, त्यावर मिठाची बरणी ठेवली आणि चिमटा पुढे केला. "आधी चाखा, मंग लिवा. पुडल्या टायमाला."

"हे काय आहे?"

"डुकराची बरगडी. चायनीज. बिनहाडाची."

येथे मी रास्त हरकत घेतली. बरगडी म्हणजेच हाड. हाड नसेल तर ती बरगडी नव्हे, आणि वस्तूचे चुकीचे वर्णन करणे हा ग्राहकाची दिशाभूल करण्याचा प्रकार आहे.

"हाड काडला म्हनून बरगडी पलून गेली काय?" त्या म्हणाल्या. "खावा, थंड होतंय."

मी डुक्कर कधी खाल्ले नव्हते. आमचे घराणे सोलापूरकडचे, मटणापर्यंत मजल. मी विचार करीत उभा होतो, तेवढ्यात मला उशीर का झाला हे पाहायला माझी पत्नी वर आली. तिने विचारले, "कसला वास हो हा?" बाईंनी तिच्यापुढे चिमटा धरला. तिने खाल्ले. मग दुसरा मागून घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही पत्रं लिहा खाली जाऊन. मी येते जेवून."

तेव्हा मी खाल्ले. अधिक काही लिहीत नाही. पुढच्या रविवारी मी बाईंना सांगितले की तक्रार मागे घेतली आहे.

"तसा कागुद देनार काय?" त्यांनी विचारले.

"कागदाची गरज नाही. माझा शब्द आहे," मी म्हणालो.

वाचकहो, हे वाक्य लक्षात ठेवा. तोंडी गोष्टीला कायद्यात किंमत नसते, असे या इमारतीतल्या प्रत्येकाला मी जिन्यात अडवून सांगत आलो आहे. आयुष्यात एकदाच मला ते स्वतःला सांगायचे सुचले नाही, कारण तोंड भरलेले होते.

बाई मूळच्या दातिवऱ्याच्या. माहेर आणि सासर दोन्ही कोळ्यांचे. यजमान गेल्यावर होडी दिराकडे गेली आणि बाई बोईसरला एका कारखान्याच्या अतिथिगृहात स्वयंपाकाला लागल्या. तेथे एकदा यंत्र बसवायला तिघे चिनी तंत्रज्ञ आले आणि काही महिने राहिले. आपले वरण, आपली भाजी, आपली पोळी यांना ते हात जोडत आणि उठून जात. त्यांतला एक वयस्कर गृहस्थ अखेर स्वयंपाकघरात शिरला. त्याला मराठी येत नव्हते, बाईंना चिनी.

"मग तुम्ही शिकलात कशा?"

"तो बाबा बोटानं सांगायचा, मी डोल्यानं ऐकायची. मीठ जास्ती झाला का माज्या हातावर चापट मारायचा. माज्या सासूसारका."

बाबा गेला, पाककृती राहिली. मात्र त्याच्या देशातले साहित्य पालघरच्या बाजारात मिळणार कुठून? बाईंनी एकेक बदली उमेदवार नेमला. मधाऐवजी गूळ. भाताच्या दारूऐवजी ताडी. लाल रंगासाठी बिटाचा रस. सोया सॉस मात्र बाटलीतलाच, कारण "त्याला दुसरा कोन उबा राहत नाय". बरगडीच्या नावाखाली घ्यायचा तो खांद्याचा तुकडा, चरबीची एक रेघ असलेला. तो बोटभर रुंद, वीतभर लांब चिरायचा. आले-लसूण वाटून, चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मिरी आणि बडीशेप भाजून कुटून, त्यात शनिवारी मुरवत ठेवायचा. रविवारी जाड लोखंडी तव्यावर झाकण घालून, मंद आचेवर, पाण्याच्या एका हबक्यात शिजू द्यायचा. शेवटी झाकण काढून गूळ घालायचा. त्यानंतर तव्यापासून हलायचे नाही. रस आटून तुकड्यांना लाखेसारखा चिकटेपर्यंत एकेक तुकडा चिमट्याने फिरवायचा.

हे सर्व मी त्यांच्याकडून लिहून घेतले. प्रमाणावरून आमचे भांडण झाले. गूळ किती, असे विचारले की "अंदाजानं".

"अंदाज हे माप नव्हे, बाई."

"जाल टाकतात ते दर्या मोजून टाकतात काय?"

माझ्या कागदावर आजही गुळापुढची जागा कोरी आहे.

दर रविवारी त्यांच्याकडून स्टीलचे डबे निघत. एक आमच्याकडे, एक समोरच्या शिक्षिकेकडे, एक, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, पिशवीत घालून सचिवांच्या घरी. डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत. आमच्या घरून त्यातून कधी शेंगदाण्याची चटणी गेली, कधी साखर. एकदा घरात काहीच नव्हते म्हणून मी डब्यात त्यांच्या रखडलेल्या गॅसजोडणीचा अर्ज लिहून, घडी करून ठेवला. जोडणी झाली. तेव्हापासून त्या माझ्या पत्रांना मानू लागल्या. "तुमचा कागुद बोलतो," म्हणायच्या.

एका शनिवारी वीज गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही. मी तक्रार लिहायला बसलो आणि बाई शेजारी उभ्या राहून मजकूर सांगू लागल्या. "लिवा. मिक्सर बंद. आलं-लसून पाट्यावर वाटला. हात दुकतोय. उद्या बरगडी बिगडली तर तुमी जबाबदार." मी ते जसेच्या तसे घातले. संध्याकाळी वीज कार्यालयातून एका अभियंत्याचा फोन आला. दुरुस्ती झाल्याचे सांगून त्याने नम्रपणे विचारले, "काका, ती बरगडी ठीक आहे ना?" माझ्या पत्रव्यवहाराच्या इतिहासात इतके माणुसकीचे उत्तर दुसरे आलेले नाही.

आणि मग तो सोमवार. बाईंचा अकरा महिन्यांचा करार पुन्हा संपत होता. मालक राजी होते, संस्थेची ना-हरकत तेवढी हवी होती. सभेत सचिव उभे राहिले. त्यांनी फाईल उघडली आणि माझ्याच अक्षरातले दीड पान वाचायला सुरुवात केली. असह्य. उग्र. अनाकलनीय. खरे सांगतो, पत्र चांगले लिहिलेले होते. तीन परिच्छेद, एकही शब्द वावगा नाही. पळवाट ठेवलेली नाही.

मी उठलो. "ती तक्रार मी मागे घेतली आहे."

"लेखी आहे का, काका?" सचिव हसून म्हणाले. "तुम्हीच सांगता ना, तोंडी गोष्टीला किंमत नाही?"

सगळी सभा हसली. ठराव झाला: "सर्व रहिवाशांना वासाचा त्रास होत असल्याने ना-हरकत देता येत नाही." सर्व रहिवासी! त्या सभेत असे किमान चारजण बसलेले होते ज्यांनी आदल्याच रविवारी बोटे चाटली होती. एकाचाही हात वर झाला नाही. नंतर मी पत्रे लिहिली, स्मरणपत्रे लिहिली, उपनिबंधकांना प्रती पाठवल्या. पोच सगळ्यांची आली. उत्तर कुणाचेही नाही.

भाडेकरूंना सभेत बसता येत नाही, म्हणून बाई बाहेर जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी सारे ऐकले होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"जाव द्या, वकीलकाका," त्या म्हणाल्या. "अक्शर मातर सुंदर हाय तुमचा."

दिवाळीच्या अलीकडच्या शनिवारी टेम्पो आला. वाणगावला चुलतबहिणीच्या घरी एक खोली रिकामी होती, तेथे सामान निघाले. सर्वांत वर तो लोखंडी तवा दोरीने बांधलेला. निघताना त्यांनी शेवटचा डबा पत्नीच्या हातात ठेवला. भरलेला. "ताई, परत द्यायची घाई नाय," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहिले नाही. टेम्पो वळेपर्यंत तवा उन्हात चमकत होता.

त्या सदनिकेत आता सचिवांचे मेहुणे राहतात. योगायोगाला कायद्यात बंदी नाही.

तो डबा आमच्याकडे आहे आणि तो रिकामा परत करता येत नाही. त्यात साखर घालणे मला अपुरे वाटले. म्हणून मी, वयाच्या सत्तरीत, लोखंडी तवा विकत आणला आणि कोऱ्या जागेचा तो कागद भिंतीला चिकटवला. पहिल्या रविवारी गूळ जळाला. दुसऱ्या रविवारी तुकडे चामड्यासारखे झाले. पत्नी म्हणाली, "तक्रार करू का लेखी?" तिसऱ्या रविवारी मात्र रस लाखेसारखा चिकटला आणि खिडक्या उघड्या टाकून मी तो वास संपूर्ण इमारतीला बजावला.

हरकत आली नाही. एकही नाही. उलट त्याच दिवशी सचिव जिन्यात भेटले, थांबले, नाक वर केले आणि म्हणाले, "वा काका, मस्त वास येतोय!" साक्षीदार: माझी पत्नी. दिवस व वेळ नोंदवलेली आहे.

सबब, मी या लेखाद्वारे माझी मूळ तक्रार लेखी मागे घेतो. तिच्यातला प्रत्येक शब्द मी न चाखता लिहिला होता, हेही लेखी मान्य करतो. आता सचिवांनी सांगावे: तोच पदार्थ, तीच इमारत, तोच वारा. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंच्या खिडकीतून आलेला वास त्रासाचा, आणि तळमजल्यावरच्या सभासदाच्या खिडकीतून आलेला मस्त, हा फरक नाकाने केला की आणखी कशाने? उत्तर संस्थेच्या फलकावर, सर्वांना वाचता येईल अशा अक्षरात, स्वतःच्या सहीने लावावे.

येत्या रविवारी डबा भरून मी वाणगावला निघणार आहे. झाकणाखाली त्या उत्तराची घडी केलेली प्रत मावेल एवढी जागा ठेवली आहे. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही.