मोकळ्या चौकोनाची तपासणी

नव्वदच्या दशकात, नोएडातल्या आमच्या ऑफिसात, वरिष्ठ इंजिनिअर सुधाताईंनी पुलाच्या गणितावर सही करायला नकार दिला. आज कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासाने ती दुपार आठवली.

सॉफ्टवेअर नवे होते. ते पुलाचे लहान लहान चौकोन पाडून गणित करायचे. ताईंनी आधी त्यातला एकच मोकळा, कुठेही न जखडलेला, सपाट चौकोन तपासला. आपल्या प्रतलात असा चौकोन जोर न लागता, आकार न बदलता तीनच प्रकारे हलतो: दोन दिशांना सरकतो आणि फिरतो. पडद्यावर पाच प्रकार आले. जास्तीच्या दोन प्रकारांत चौकोन जोर न लागताच चक्क वाकडा होत होता; खऱ्या वस्तूत असे होत नाही.

"एकच तर चौकोन आहे, यार मॅडम! क्लायंट संध्याकाळी येतोय," आमचे साहेब म्हणाले.

"अख्खा पूल याच चौकोनांचा मांडलाय, सर. क्लायंटला चहा पाजा."

मला तेव्हा तो हट्ट वाटला. ताईंनी चौकोनाच्या गणिताची मांडणी बदलली. तीनच प्रकार उरले. मग पुलाचे गणित पुन्हा लावले. ते संध्याकाळपर्यंत संपले नाही; क्लायंट सहीविना, रिकाम्या हाताने परतला.