अंगणातलं प्रीतिभोजन

"उभा राहा रे," उपदेशक माझ्या बाला म्हणाले. बा अर्धा घास हातात धरून उभा राहिला.

जव्हारच्या प्रार्थनामंदिराचं अंगण. कापणीच्या सणाचं प्रीतिभोजन. गावातले ख्रिस्ती आत पडवीत चटयांवर, पुढ्यात पितळी ताटं. आम्ही वांगणीकडच्या पाड्यावरचे, नुकताच बाप्तिस्मा घेतलेले, बाहेर मातीत. पळसाच्या पानावर भात. सकाळी उपदेशकांनी शास्त्रातलं सांगितलं होतं, मेजवानी केलीत तर सोयऱ्यांना नको, गरिबाला बोलवा, लंगड्या-आंधळ्याला बोलवा. म्हणून आम्हाला बोलावलं होतं. मला वाटलं होतं, भाऊबंद म्हणून बोलावलं.

संस्थानातले एक अंमलदार पाहुणे आले होते. उपदेशकांनी त्यांना अंगणात आणलं आणि माझ्या बाच्या दिशेने बोट करून सांगितलं, "शास्त्रात लिहिलंय ते आम्ही असं पाळतो."

मग बाला म्हणाले, येशूकडे येण्याआधी काय खात होतास ते साहेबांना सांग. बाने खरं ते सांगितलं. कडू कंद. ओहोळातले खेकडे. काहीच नसलं की उंदीर. अंमलदार हसले. पडवीतली माणसं हसली. बासुद्धा हसला. त्याला वाटलं, हसायचं असतं.

मला त्याची लाज वाटली. त्याच्या लंगोटीची, बोटांतून गळणाऱ्या भाताची, त्या हसण्याची. हा माझा कोणी नाही असं तोंड करून मी बसले. ती लाज अजून अंगातून गेलेली नाही.

उपदेशक माझ्याकडे वळले. वचन म्हणून दाखव म्हणाले. मी उभी राहिले. वचन येत होतं मला. शेजाऱ्यावर प्रीती करायचं. मी पडवीतल्या पितळी ताटांकडे पाहिलं.

"मी नाय म्हणणार," मी म्हणाले. "आमी हात हालवत नाय आलो. आत वेदीपुढं आमच्या कापणीची नागली वाहिलेली हाये. आयेनं डोक्यावर आणली."

हसणं थांबलं. उपदेशक हळूच म्हणाले, "बस खाली. जेवायला मिळतंय ना?"

मी बसले नाही. माझं पान आयेपुढे सरकवलं आणि कुंपणाबाहेर जाऊन थांबले. बा उठला नाही. सगळं जेवला. परतीच्या वाटेवर मी त्याच्या पुढे पुढे चालत होते. मागून तोच म्हणाला, "भूक व्हती गं." मग तर मला माझीच लाज वाटली.

शास्त्र मी टाकलं नाही. ते त्यांच्या एकट्याचं नाही. आज माझ्या चुलीपाशी कातकरी येतो, वारली येतो, वाट चुकलेला दरबारचा शिपाईही येतो. सगळे एका ओळीत, माझ्या बाजूला. आधी काय खात होतास, हे मी कोणाला विचारत नाही.

उपदेशक अजून दर सणाला निरोप धाडतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. तुमच्या मांडीला मांडी लावून जागा असेल तर येईन. अंगणात मी बसणार नाही. माझ्या माणसांना बसू देणार नाही.