दादा असा रडला नव्हता

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जिच्या घरची भांडणं ठाऊक नाहीत असं गाव सापडणं कठीण, अशी संशोधक जगात एकच असेल, आणि ती माझ्या आईची मावसबहीण आहे. इतर संशोधक गावात जाऊन लोकांची माहिती आणतात. मावशी स्वतःची माहिती तिथं ठेवून येते. समोरच्या बाईनं मनातलं सांगावं असं वाटत असेल तर आधी आपण आपलं सांगायचं, हा तिचा नियम. त्यामुळे इस्लामपूरच्या स्टँडवर आम्ही उभ्या असताना पलीकडच्या फलाटावरून कुणीतरी बाई ओरडते, "ओ बाई, सासूनं कुकर दिला का मग माघारी?" आणि मावशी तितक्याच जोरात, "दिला, पण शिट्टी ठिवून घेतली!" अख्खा स्टँड हळहळतो. मी आपली बसच्या पाटीकडं बघत राहते.

तिचा विषय हक्कसोड. बाप गेला की बहिणींनी तालुक्याला जाऊन त्याच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही द्यायची, आणि भावानं साडी घेऊन, गोडाचं जेवण घालून त्यांना सासरी पोचवायचं, ही आमच्या उसाच्या पट्ट्यातली रीत. कायदा बहिणीच्या बाजूनं आहे, साडी भावाच्या. मी याविरुद्ध पत्रकं वाटते. वाटून वाटून दमले आहे. परवा शिराळ्याच्या बाजारात माझ्याच पत्रकात मला भजी बांधून मिळाली. मावशीला पत्रक दाखवलं तर म्हणाली, "तुझ्या कागदावरच्या बाया लय ओरडतात गं. खरी बाई सही करताना गप असते. ती गप का, ते लिही की."

मी चिडले, कारण मावशीनं स्वतः सही केलेली आहे. शिकलेली, नोकरी करणारी बाई हसत गेली, सही करून आली, आणि वर त्याच विषयावर पीएच.डी.! तोंडावर विचारलं तेव्हा म्हणाली, "सही झाली आणि दादा रडला. फौजेतला सुभेदार तो. ते रडणं सुटल्याचं, लाजेचं, का बाबांच्या आठवणीचं, मला अजून कळलेलं नाही. ते कळावं म्हणून तर हे सगळं."

हे तिच्या मार्गदर्शक सरांना पटणं शक्यच नव्हतं. "यात संशोधक फार दिसतो, तुमचं वैयक्तिक तेवढं काढून टाका," म्हणाले. तिनं काढून पाहिलं, संदर्भसूची उरली. त्यात भर म्हणून नाटकाचं खूळ. जमवलेल्या गोष्टी ती त्या त्या गावच्या बायांकडूनच देवळाच्या मंडपात करून घेते. मिशा काजळाच्या, फेटा टॉवेलचा. आपली गोष्ट आपण करायची नाही, दुसरीनं करायची. जिची गोष्ट तिनं समोर बसायचं आणि चुकलं तिथं टोकायचं. "आगं, मी कवा म्हनले असं? मी नुसता पदर नीट केला!" असं कुणी टोकलं की मावशीला परमानंद. सांगताना जे निसटतं ते टोकताना बाहेर येतं, असं तिचं शास्त्र. सतरंज्या झटकायचं शास्त्र माझ्याकडं.

गेल्या वर्षी तिनं हा खेळ माहेरी न्यायचं ठरवलं. माहेर औंधच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. घरात दादा आणि भावजय. आईनं तिला फोनवर बजावलं, मीही बजावलं, की दादा दुखावला तर ते दार कायमचं बंद होईल. जमीन गेलीच आहे, आता उंबराही जाईल. मावशीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन जिल्हे त्याची गोष्ट सांगत हिंडले आणि त्यालाच पत्ता नाही. ह्याला चुगली म्हणतात."

बांगड्या भरणाऱ्या शमाभाभी दादा झाल्या. अशा झाल्या की काय सांगावं! घसा खाकरणं, मिशीवर बोट फिरवणं, "वळीत ऱ्हावा!" म्हणून बहिणींना दटावणं. दादा मागं पारावर बसले होते, ते स्वतः हसत होते. मला वाटलं, जिंकलो. मग सहीचा प्रसंग आला. शमाभाभींनी टॉवेल तोंडाला लावून मोठ्यानं हंबरडा फोडला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मावशी टोकून गेली, "नाही, नाही. दादा असा रडला नव्हता. भिंतीकडं तोंड केलं होतं त्यानं. आवाज येऊ नये म्हणून दातांत रुमाल धरला होता."

अख्ख्या गावानं मान वळवून पाराकडं बघितलं. दादांनी चपला पायात सरकवल्या आणि गेले. त्या रात्री आम्ही परत आलो. कुणी रहा म्हटलं नाही. पुढं राखी कुरियरनं गेली, पोच आली नाही. भाऊबीजेला मावशी दिवसभर फोन हातात घेऊन बसली. प्रबंध तेवढा मान्य झाला. सरांना माहेरच्या खेळाचं प्रकरण सगळ्यांत आवडलं. संताप करायचा तर कुणावर करू, हेही मला आता कळेनासं झालं आहे.

गेल्या आठवड्यात भावजयीचा फोन आला. मावशीनं स्पीकर लावला.

"वन्सं, एक इचारू का? त्यो तुमचा खेळ माज्या म्हायेरी कराल का? आमचा भाऊ पुढल्या म्हैन्यात सया घ्यायला बोलिवतोय आमाला."

मी टाळी वाजवणार होते. मावशीनं हातानंच थांबवलं. "करू की. दादा काय म्हणतो गं?"

"काय म्हनायचंय? तुमचं नाव निगालं की उठून गोठ्यात जात्यात. लय येळ म्हशीला पानी दावत बसत्यात."

मावशीनं फोन जवळ ओढला. मग म्हणाली, "म्हैस नवी घेतली होय? कसली, मुऱ्हा? दूध बरं देते का?"

भावजय सांगत राहिली. शिंगं कशी, रेडकू कधी झालं, गोठ्याचा पत्रा कुठल्या बाजूनं वाढवला. मावशी "हं, हं" करत ऐकत होती. दोघींचं गोठ्यावरून परड्याकडं, परड्यावरून चिंचेकडं चाललं होतं. मी पत्रकांचा गठ्ठा आवरला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं, घाई न करता.