मंगळवारचा सर्व्हे

चहा घ्या आधी, मग सांगतो. मध्येच हसलात तरी चालेल, आता माझं मलाही हसू येतं. पण एका बॅटरीपायी मी एका घरचं लग्न चार महिने अडकवून ठेवलं होतं, हे अगदी खरं आहे.

खोपोलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं आपलं, एक गाळा, मागे पडदा, पुढे स्टूल. सुषमा, म्हणजे माझी बायको, होती तोवर दुकानात वर्दळ वाटायची, कारण ती एकटीच चार माणसांइतकं बोलायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी नागपूरला. आता येतात ते पासपोर्ट साइजवाले. त्यांच्याशी माझं बोलणं किती? "हनुवटी वर. हसू नका." दिवसाकाठी तीन-चारदा एवढं म्हणायचं आणि शटर ओढायचं. लोकांना हसू नका सांगून पोट भरणारा माणूस आहे मी.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, कर्जतला एवढी फार्महाऊसं झालीत. लग्नाआधीचे फोटो काढायला मुंबईहून जोडपी येतात. तुम्ही का नाही करत?" बरोबर होतं तिचं. पण शेतात नाहीतर नदीकाठी स्टुडिओचे मोठे फ्लॅश चालवायचे, तर प्लग कुठे खुपसणार? त्यासाठी बॅटरी पॅक मिळतो. जेवणाच्या डब्याएवढा ठोकळा, वजनाला मात्र पायलीभर तांदूळ. हौसेनं घेतला. नवी कार्डं छापली. एकही जोडपं आलं नाही. त्यांना मोबाईलवर गाजलेली पोरं लागतात, "हनुवटी वर" म्हणणारा म्हातारा कशाला?

दुकानदारानं बॅटरी देताना बजावलं होतं. "काका, ही नुसती ठेवून द्यायची नाही. महिन्यातून एकदा तरी फ्लॅश मारून उतरवायची आणि लगेच चार्जिंगला लावायची. रिकामी पडून राहिली की मेली समजा."

पहिल्यांदा दुकानातच फ्लॅश मारायला घेतले. समोरचे टेलर रफीकभाई हातात कात्री घेऊनच धावत आले. त्यांना वाटलं शॉर्टसर्किट झालं. "बाहेर कुठं माळावर जाऊन उडवा ना," म्हणाले.

गेलो. मंगळवारी स्टुडिओ बंद असतो. स्कूटरला सगळं बांधलं आणि चौक गावाहून कर्जतला जाणाऱ्या रस्त्यावर, एका वाडीच्या अलीकडे माळरान आहे, तिथे जाऊन थांबलो. थंडीचे दिवस होते.

आता फ्लॅश मारायचा तर समोर कोणीतरी हवं. माणूस कुठून आणू? दुकानातली प्लास्टिकची खुर्ची नेली होती. तिच्यावर मडकं ठेवलं, मडक्यावर माझी टोपी. तोंडावर उजेड कसा पडतो ते बघायला मडकं बरं, गोल असतं आणि हलत नाही. मग स्टँड उभा केला, त्यावर फ्लॅश, फ्लॅशला पांढरी छत्री. टेपनं अंतर मोजलं. स्टँडची जागा चुकू नये म्हणून जमिनीवर चुन्याच्या फुल्या मारल्या. वहीत आकडे लिहिले. आणि मडक्याला म्हटलं, "हनुवटी वर."

तुम्ही खालापूर-कर्जतकडचे असाल तर पुढचं ओळखलंच असेल. आमच्याकडे माळावर कोणी टेप लावून चुना टाकला, की त्याचा एकच अर्थ होतो. रस्ता येतोय, जमिनी जाणार.

दहा मिनिटांत बांधावर एक गृहस्थ येऊन उभे राहिले. साठीचे, खांद्यावर टॉवेल. गणूदादा त्यांचं नाव, ते मागाहून कळलं. बराच वेळ नुसते बघत होते.

"साहेब, पाणी घेता?"

आता हे तुम्हाला साधं वाटेल. पण मला कोणी पाणी विचारून किती दिवस झाले होते, ठाऊक आहे? दुकानात मीच सगळ्यांना विचारतो, आणि लोक म्हणतात, नको, घाई आहे.

"घेईन की."

"लांबून आलात?"

"खोपोलीहून."

"हापिस तिकडंच हाय?"

"तिकडंच," मी म्हटलं. ऑफिस नसलं तरी गाळा होता ना.

गणूदादांचं घर माळाच्या कडेलाच. अंगणात निळ्या ताडपत्रीखाली विटा रचलेल्या. त्यांवर गोणपाट टाकून मला बसवलं. त्यांच्या बायकोनं, पारूवहिनींनी, चहा आणून दिला. गणूदादांनी माझ्या वहीतल्या आकड्यांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "किती फुटी रस्ता धरलाय, साहेब?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. तेव्हाच सांगायला हवं होतं, जिभेवर आलंही होतं. पण तेवढ्यात वहिनी आतून म्हणाल्या, "भाकरी खाऊनच जा. सुकट केलीय." आणि माझ्या तोंडून निघालं, "ते काय, वरून ठरतं."

तसं बघितलं तर खोटंही नव्हतं. फोटोत उजेडाचं सगळं वरूनच ठरतं.

महिन्यातून एकदा जायचं होतं. मी पुढच्याच मंगळवारी गेलो. बॅटरीच्या तब्येतीसाठी, दुसरं काय? त्या खेपेला ती पार उतरवली. तिसऱ्या मंगळवारी स्टँड उभा केला, छत्री लावली, आणि म्हटलं, आधी चहा घेऊ. तो चहा ऊन उतरेपर्यंत चालला. मग दर मंगळवारी तोच क्रम. स्टँड माळावर, मडकं खुर्चीवर आणि मी विटांवर. गणूदादांच्या म्हशीच्या खोड्या मला तोंडपाठ झाल्या. वहिनींच्या गुडघ्याला चोळायचं तेल मी खोपोलीहून नेऊन दिलं.

इकडे वाडीत काय चाललं होतं ऐका. एका मंगळवारी गेलो तर माळावर आंब्याची चाळीस कलमं उभी. आदल्या आठवड्यात तिथे धड करवंदीची जाळीही नव्हती. झाडांचा मोबदला वेगळा मिळतो म्हणे. पुढच्या खेपेला कुणाचा तरी गोठा चालत चालत माझ्या चुन्याच्या फुलीवर येऊन बसलेला. आणखी एकानं दगडाला शेंदूर फासून हार घातला. देवस्थान आहे म्हटलं की रस्ता वळवतात. एकानं मला दुधी भोपळा दिला आणि म्हणाला, "साहेब, रस्ता आमच्याकडून न्या." दुसरा कानाशी येऊन म्हणाला, "आमच्याकडून नको हां, साहेब." मी दोघांनाही "बघू" म्हटलं. दुधी घेतला. हा "बघू" शब्द फार वाईट. त्यात काही नसतं, आणि लोक त्याच्या भरवशावर गोठे बांधतात.

एप्रिल लागला. एका मंगळवारी वहिनी चहा देऊन आत गेल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"साहेब, एक इचारू? रागवू नका."

"विचारा की."

"आमचं घर जातंय का ऱ्हातंय, येवढं सांगा. आमच्या नितेशचं लगीन जमलंय. नेरळकडली पोरगी हाय. तिचा बाप बोलतो, आधी येगळी खोली काढा, मंग पोरगी देतो. या इटा दिवाळीलाच आणल्यात. पण ह्ये बोलतात, घर रस्त्यात जाणार तं खोली कशाला बांधायची? आता पावसाच्या आत नाय झाली तं तो सोयरीक मोडणार हाय. पोरगं धड जेवत नाय ओ."

मी ज्यांवर बसलो होतो त्या विटा म्हणजे नितेशची खोली होती. चार महिने मी त्या पोराच्या लग्नावर बसून चहा पीत होतो.

मी काय म्हणालो असेन? "पुढच्या मंगळवारी सांगतो." आणि पळालो.

पुढच्या मंगळवारी गेलोच नाही. बंद दुकानात बसून राहिलो. समोर खुर्ची, खुर्चीवर मडकं. सुषमा असती तर एका वाक्यात काम झालं असतं. "जा आणि सांगून ये, नाहीतर जेवायला मिळणार नाही." लोक हसतील, शिव्या घालतील, याची मला एवढी भीती नव्हती. सांगितलं की मंगळवार गेला, ही भीती होती. आठवड्यातला तेवढा एकच वार माझा होता. बाकीचे सहा पासपोर्टवाल्यांचे. पण डोळ्यांपुढून त्या विटा काही हलेनात.

त्याच्या पुढच्या मंगळवारी गेलो. गणूदादा, वहिनी आणि नितेश तिघांना अंगणात बोलावलं. विटांवर बसलो नाही, उभाच राहिलो.

"मी सर्व्हेवाला नाही. फोटोग्राफर आहे. रस्ताबिस्ता काही येत नाही. खोली बांधा."

मग गणूदादा नितेशकडे वळून हळूच म्हणाले, "वरून दाब आलाय वाटतं रं यांच्यावर."

घ्या! चार महिने खोटं एका घोटात पचलं, आणि खरं काही केल्या घशाखाली उतरेना.

"फोटोग्राफर हाय, तं येवढे दिवस त्या मडक्याचे फोटो काढत होता काय?" नितेश म्हणाला.

"हो."

"कशाला?"

"बॅटरी उतरवायला."

हे उत्तर तुम्हाला तरी पटलं असतं का? पुरावा म्हणून कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. दोनशे मडकी. गणूदादांनी नीट निरखून बघितली आणि म्हणाले, "सरकारी फोटो हायत ह्ये."

"मंग आमचा काढा," वहिनी म्हणाल्या. "त्या लायटी लावून काढा. बघू दे तरी."

रास्त बोलणं. तिघांना ओळीनं उभं केलं. स्टँड रोखला, छत्री फिरवली, "हनुवटी वर" म्हटलं आणि खटका दाबला. काही नाही. परत दाबला. पॅकवरचा दिवासुद्धा लागेना. आणि मला आठवलं. दुसऱ्या मंगळवारी उतरवलेली बॅटरी चार्जिंगला लावायचीच राहिली होती. तेव्हापासून मी ती रिकामी नेत होतो आणि रिकामी आणत होतो. जिच्या तब्येतीसाठी म्हणून एवढ्या खेपा घातल्या, ती केव्हाच मेली होती.

"बिनलायटीचा काढू का? ऊन चांगलं आहे," मी म्हटलं.

"तसा तं आमच्या मोबाईलवर पण निघतो," नितेश म्हणाला. "तुमची वळख देणारं कोण हाय का, ते बोला."

मुलगी ऑफिसात. बाकी उरलं कोण? रफीकभाईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"रफीकभाई, यांना जरा सांगा, मी कोण आहे."

"कोण म्हंजे? फोटोग्राफर. का, कुठं पकडलं काय तुमाला?"

"सर्व्हेत नायत ना ह्ये?" नितेशनं मध्येच विचारलं.

"कसला सर्व्हे? अरे बाबा, साधा मानूस हाय तो. बायको गेली तवापासून एकटाच. दिवसभर खुर्चीवरच्या मडक्याशी बोलत असतो, मी समोरून बघतो ना. मंगळवारी तेवढा इस्त्रीचा शर्ट घालून निघतो. इचारलं तं सांगतो, पाहुण्यांकडं जातो." मग जरा थांबून म्हणाले, "तुमीच का ते पाहुणे?"

फोन बंद करायला गेलो तर बोट भलतीकडेच पडत राहिलं. वहिनी माझ्या शर्टाकडे बघत होत्या. शर्टाला खरंच इस्त्री होती.

"हां," त्या फोनकडे बघून म्हणाल्या, "आमीच ते." मग गणूदादांना म्हणाल्या, "उठा आता, त्या इटांवरचा गोणपाट काढा. गवंड्याला सांगावा धाडायचाय."

नितेश माझ्याशी बोलला नाही. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. गणूदादा रस्त्यापर्यंत पोचवायला आले. माळावरच्या कलमांकडे बघत म्हणाले, "या चाळीस झाडांचं काय करायचं आता?"

"पाणी घाला," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मग सहा मंगळवार कुठे गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? बॅटरी दुकानदाराला नेऊन दाखवली. त्यानं उलटीपालटी करून विचारलं, "काका, महिन्यातून एकदा चालवत होतात ना?" मी म्हटलं, "दर आठवड्याला जात होतो रे." तो म्हणाला, मग अशी कशी गेली?

मे संपत आला तेव्हा गाळ्यासमोर मोटरसायकल थांबली. नितेश. खोली झाली होती, स्लॅब पडला होता, आणि त्याच्या हातात पत्रिका होती. तिच्यावर निळ्या पेनानं लिहिलेलं, "श्री. सर्व्हेसाहेब, सहकुटुंब सहपरिवार". चार महिन्यांत मी नाव सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. साहेबाला नाव कोण विचारतो?

"फोटोची ऑर्डर दुसऱ्याला दिलीय," त्यानं आधीच सांगून टाकलं. "कर्जतचा हाय. ड्रोनवाला."

"बरं केलंस. पण हे सहकुटुंब कशाला लिहिलंस रे? ऐकलंस ना तू, एकटाच असतो मी."

"आयेनं लिवायला सांगितलंय." पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघून हसला. "बोलली, तुमची ती खुर्ची घेऊन या. मांडवात खुर्च्या कमी पडतायत."

गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला, खुर्ची स्कूटरला बांधली. मडकं मात्र दुकानातच ठेवलं. निघताना त्याला सांगितलं, पाहुण्यांकडे जाऊन येतो.