आत्याबाईंचा फडा

माझ्या सासूबाई चिक्कू नव्हत्या.

आज त्यांची तिथी, म्हणून एकदाचं लिहून टाकते. कारण आख्खी गल्ली त्यांना चिक्कूच म्हणायची, आणि मीसुद्धा तोंड दाबून हसायचे.

मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. आमच्याकडं सासूला असंच म्हणतात.

जुन्या जालन्यातल्या आमच्या घरात टाकून द्यायची अशी वस्तूच नव्हती. यांचं बनियन फाटलं की पुसायचं फडकं व्हायचं, फडकं विरलं की पोतेरं. नारळाची शेंडी भांडी घासायला. जुना टूथब्रश देवाची निरांजनं घासायला.

फडा, म्हणजे केरसुणी, तिला तर डिमोशनच डिमोशन. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवा फडा आला की घरातला अंगणात जायचा, अंगणातला मोरीत. मोरीत पार बुडखा झाला की मंग सुटका.

नवीन लग्न होऊन आले तेव्हा माहेरी जाऊन सांगायचे, बाई, आमच्याकडं फड्याला पण रिटायरमेंट न्हाई.

पण एक फडा या रांगेत कधी गेलाच नाही.

नव्वद-एक्क्याण्णव सालची गोष्ट. माझे धाकटे दीर, दिनूभाऊजी, बारावीला दुसऱ्यांदा नापास झाले. सकाळी आत्याबाई त्यांना बोलल्या, बसून खायला लाज वाटत न्हाई का म्हणून. कोणती आई बोलत नाही?

भाऊजी उठले, दळणाची पिशवी काखेत मारली आणि निघाले.

आत्याबाईंना वाटलं, चालला गिरणीत. फडा हातातच होता. त्यांनी आपलं रोजच्यासारखं उंबऱ्यापासून पायरीपर्यंत झाडून घेतलं.

दुपारी बघतात तर गव्हाचा डबा जसाच्या तसा भरलेला. पिशवीत कपडे गेल्ते.

आता हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. माणूस गावाला निघाला की त्याच्या मागं लगेच झाडत नाहीत. झाडतात ते मयत उठल्यावर. जित्या माणसाच्या मागं झाडलं की त्याची वाट पुसते.

आत्याबाई फडा घेऊन माझ्याकडं आल्या.

"शोभा, मी त्याच्या मागं झाडलं गं."

आमचे हे सुरतेपर्यंत हुडकून आले. हाती काही लागलं नाही. गल्लीतला एक जण तिकडं मिलमध्ये होता, त्याच्याकडून एवढाच निरोप यायचा की दिनू बरा आहे. पत्ता सांगायचा नाही अशी भाऊजींनी त्याला शपथ घातल्ती.

आत्याबाईंनी तो फडा दाराच्या मागं ठेवला. म्हणाल्या, ज्यानं वाट पुसली त्यालाच ती परत करून द्यावी लागंल. दिनू येईपर्यंत ह्याला मरू द्यायचं न्हाई.

आणि रोज सकाळी, सगळं झाडून झालं की, त्या फड्यानं एकदा उलटं झाडायच्या.

पायरीवरून घरात.

दुनिया केर बाहेर काढते, ही बाई आत घ्यायची. तो मी परत सुपलीत भरून टाकायचे. सुरुवातीला वैताग यायचा. नंतर सवय झाली.

फडा झिजला की त्या बांधायच्या. परकराच्या नाडीनं, मंग सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं. दर दिवाळीला नव्या फड्यातली थोडी पाती उपसून याच्यात खोचायच्या. शेवटी मूठ सोडून मूळचं त्यात काही उरलं नव्हतं.

बायका म्हणायच्या, म्हातारीला फड्याचा पण खर्चा नको. आत्याबाई ऐकून घ्यायच्या. पोरगा रुसून गेला हे सांगण्यापेक्षा चिक्कू म्हणवून घेणं त्यांना बरं वाटायचं.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास त्या गेल्या. वाट बघत बघतच गेल्या, दुसरं काय सांगू.

तिरडी उठली. रिवाजाप्रमाणे मागं घर झाडायचं आणि तो फडा बाहेर फेकायचा. शेजारच्या काकूंनी नेमका तोच उचलला. जुनाच आहे म्हणे, जाऊ दे.

मी हिसकावून घेतला, झाडायला दुसरा दिला. रडता रडता भांडले. काकू अजून काढतात तो विषय.

भाऊजी दुसऱ्या दिवशी आले. यांनी सुरतेला निरोप धाडल्ता. गेले तेव्हा मिसरूड फुटलेलं पोरगं, आले ते कानावर पांढरे केस घेऊन.

तेरावं झाल्यावर त्यांना दाराच्या मागं तो फडा दिसला. नाड्या, पट्ट्या, गाठी. जरासं हसले. म्हणाले, "वहिनी, आई शेवटपर्यंत अशीच का? टाका की हे आता."

मंग मी सांगितलं. सगळं.

ते ट्यूबच्या गाठीवरून बोट फिरवत बसले. म्हणाले,

"वहिनी, मी कोपऱ्यावरून परत फिरल्तो. म्हटलं जाऊ दे, आईच आहे. बघतो तर आई माझ्या मागं झाडून राह्यल्ती. मला वाटलं, तिनंच माझी वाट पुसली."

त्याच घरचा मुलगा तो. त्याला दुसरा अर्थ कळणार कसा?

एक हाक. दोघांपैकी कुणीही मारली असती. तिनं मान वर करून बघितलं असतं तरी भागलं असतं. मला आजही दोघांचा राग येतो, आणि लिहिता लिहिता रडू पण येऊन राह्यलंय.

आज तिथीला भाऊजी आल्ते. जेवून दुपारच्या गाडीनं निघाले.

पायरीवर लिंबाची पानं पडलीत, पंगतीची शितं सांडलीत. मुंग्या लागल्यात. सून दोनदा विचारून गेली, मम्मी, झाडून घेऊ का?

म्हटलं थांब. काकांचा पोचल्याचा फोन येऊ दे.

आत्याबाई, फडा दाराच्या मागंच आहे. घर तसंच ठेवलंय.

तुमच्या मागं मात्र झाडावं लागलं. तेवढं पोटात घाला.

तुमची शोभा